समुद्रावर, काळोखाआधी परत

ही गोष्ट ज्या स्वयंपाकघरात घडली, तिथे मी कित्येकदा कॉफी प्यायले आहे. ज्या तिघांनी तो आवाज ऐकला, त्या तिघांनाही मी ओळखते. त्यांच्यातलं कोणीही गोष्टी रचून सांगणारं नाही.

म्हणून लिहिते आहे.

रात्रीची गोष्ट नाही ही. शनिवारची दुपार होती. नाताळाआधी चार रविवार मेणबत्त्या लावतात, त्यातल्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवसाची दुपार. ठिकाण तारेवेर, नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्याबाहेरचं एक बेट.

त्या दिवसांत तिथे सूर्य वर येतच नाही. जेवणाच्या सुमाराला आभाळ जरा निळसर होतं, आणि कॉफीचा दुसरा कप संपेपर्यंत पुन्हा काळोख.

टोरून आईच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसली होती. वय पन्नाशीचं. बेटाची वेबसाइट तीच सांभाळायची, कारण सांभाळायला दुसरं कोणी उरलंच नव्हतं. चुलीपाशी तिची आई, ओडनी, दुधातली तांदळाची लापशी ढवळत होती. शनिवारी दुपारी लापशी, हे त्या घरात ठरलेलंच. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला शेजारचे आर्नफिनकाका. बोलावलं नव्हतं. पण लापशीच्या वासाला ते कधी बोलावण्याची वाट बघत नसत.

किनाऱ्यावरच्या पालिकेनं कळवलं होतं, की जुन्या वेबसाइट बंद होणार. सगळ्या बेटांची मिळून एकच नवीन. जुन्या प्रत्येक पानाचं काय करायचं ते टोरूननं ठरवायचं. नव्या जागी न्यायचं, संग्रहात ठेवायचं, की पुसायचं. मुदत त्याच दिवशी, पाच वाजेपर्यंत.

"हे बघा काका, बोटीचं वेळापत्रक."

"कुठल्या बोटीचं?"

"जुन्या. जी भंगारात गेली."

"पूस. ती चालू होती तेव्हाही वेळापत्रकाचं ऐकत नव्हती."

शाळेचं पान निघालं. फोटोत सात मुलं, नाकं लाल झालेली. शाळा कधीच बंद झाली. त्यातली सगळ्यात धाकटी आता ओस्लोत दातांची डॉक्टर आहे. मग कॉफीच्या बैठकीची सूचना: "प्रत्येकीने केक आणावा. बेर्गल्योटने आणू नये."

आर्नफिनकाका टेबलावर हात मारून हसले. "हे आइलिफनं लिहिलेलं! बेर्गल्योट महिनाभर बोलत नव्हती त्याच्याशी."

"संग्रहात टाकू?"

"टाक. पुढच्या पिढीला कळू दे तिचा केक कसा असायचा."

मग एका हरवलेल्या मांजराचं पान. नाव पेटर, पाय पांढरे.

"हे मात्र राहू दे," काका म्हणाले. "अजून सापडलेलं नाही ते."

बोलून गेले, आणि एकदम गप्प झाले.

चुलीपाशी लापशी ढवळणारा ओडनीचा डाव थांबला होता.

---

यापुढचं समजायला त्या बेटाची एक रीत सांगायला हवी.

माझ्या लहानपणी तारेवेरवर दुकान होतं. दारातून आत गेलं की मिठाचा, डांबराचा आणि ताज्या दळलेल्या कॉफीचा वास एकत्रच नाकात शिरायचा. गल्ल्यामागच्या भिंतीवर एक फळी होती. तिच्यावर प्रत्येकाचं नाव, आणि नावापुढे दोन भोकं. एक "घरी", एक "समुद्रावर". निघताना आपली लाकडी खुंटी समुद्रावर सरकवायची. परतल्यावर पुन्हा घरी. दुकान बंद करताना दुकानदार फळीकडे बघायचा. एखादी खुंटी चुकीच्या बाजूला दिसली, की माणसं कंदील घेऊन निघायची.

नियम एकच. परतलेल्यानं आपली खुंटी आपल्याच हातानं हलवायची.

दुसऱ्यानं नाही. बायकोनं नाही. आईनंही नाही.

कारण एकदा एका बाईनं इंजिनाचा आवाज ऐकला, आपलाच नवरा आला असं समजून खुंटी घरी सरकवली, आणि चुलीवर बटाटे ठेवायला गेली. बोट दुसऱ्याचीच होती. तिचा नवरा रात्रभर खडकावर हाका मारत बसला. शोधायला कोणी गेलं नाही. फळीवर तो घरी होता ना.

ती बाई मी पाहिली आहे. ती पुन्हा कधी दुकानात आली नाही.

दुकान बंद पडलं तेव्हा ओडनीच्या मुलानं, म्हणजे टोरूनच्या धाकट्या भावानं, आइलिफनं, ती फळी वेबसाइटवर आणली. तसंच पान, तीच नावं. फोनवर बोट लावलं की खूण सरकायची. दोन शब्द लिहायलाही जागा होती. आणि खाली बारीक अक्षरांत पान स्वतःच नोंदवायचं, की बदल कोणी केला.

नियम तोच राहिला. कोणी जमिनीवर मेलं, तर दफनानंतरची कॉफी झाल्यावर त्याचं नाव काढायचं.

आइलिफ गेला तेव्हा दफन झालंच नाही.

तो असाच एका शनिवारी जाळी बघायला गेला. असेच बिनसूर्याचे दिवस. जाताना त्यानं पानावर लिहिलं होतं, "समुद्रावर. काळोखाआधी परत. आई, माझी लापशी ठेव."

ओडनी दारातून ओरडली होती, "कुठल्या काळोखाआधी रे? बाहेर काय ऊन पडलंय?"

तो धक्क्यावरून हसला होता.

मासे ठेवायची एक पेटी तेवढी सापडली. ना बोट, ना तो.

अकरा वर्षं झाली. पानावर तो अजून समुद्रावरच होता.

---

"आई," टोरून म्हणाली, "आता तेच एक पान उरलंय."

"त्याला हात लावायचा नाही."

"अगं, साइटच बंद होतेय. मी नाही लावला तर दुसरं कोणी लावेल."

"मग ने की नव्या जागी."

"नव्या जागी फक्त आत्ता राहणाऱ्यांची नावं घेतात."

ओडनी कपाटाकडे वळली. तिनं तीन वाडगे काढले. मग चौथा काढला. दर शनिवारी काढायची. लापशी वाढली, वर दालचिनी आणि साखर टाकली, आणि प्रत्येक वाडग्याच्या मध्यभागी लोण्याचा गोळा ठेवला. तो वितळून पिवळा होतो, त्याला तिकडे लोण्याचा डोळा म्हणतात. चौथा वाडगा रिकाम्या खुर्चीपुढे गेला. आर्नफिनकाकांनी आपली खुर्ची जरा बाजूला सरकवून घेतली. तेवढी सवय त्यांनाही होती.

टोरूननं पालिकेतल्या हेगेला फोन लावला. मुलीच्या वयाची होती ती, पण मनानं चांगली.

"हेगे, संग्रहात टाकलं तर नेमकं काय होतं?"

"काचेच्या पेटीत ठेवल्यासारखं समज. वाचता येतं. बदलता येत नाही. कोणालाच, कधीच."

फोनचा आवाज मोठा होता. ओडनीनं ऐकलं.

"म्हणजे तो कायमचा समुद्रावर?" तिनं विचारलं.

ओडनी फोनजवळ आली.

"आणि पुसलं तर?"

"पुसलं तर..." टोरूननं फोन ठेवला. "तर कुठेच नाही, आई."

ओडनी खाली बसली. चमचा तिनं बाजूला सारला.

"उघड ते पान," ती शेवटी म्हणाली. "लापशी आटोपून सगळे गेले, की मी दर शनिवारी उघडते."

टोरूननं उघडलं.

जुनाट निळं पान. नावांची रांग, बहुतेक नावं गेलेली. ओडनी, घरी. आर्नफिन, घरी. टोरून, घरी.

आइलिफ, समुद्रावर.

आणि तेव्हा...

टुक. टुक. टुक. टुक.

लांबून. खाडीच्या तोंडाकडून.

टोरूननं मान वर केली. एका सिलिंडरचं इंजिन. तसली इंजिनं आता कोणाकडेच नाहीत. लोक ती संग्रहालयात जाऊन बघतात.

"कोण आलं असेल?" आर्नफिनकाका म्हणाले. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. आयुष्यभर बोटींवर काम केलेला माणूस. कोणाचं इंजिन कुठे अडखळतं ते त्यांना झोपेतही कळायचं. आणि हे इंजिन दर चौथ्या ठोक्याला अडखळत होतं.

"ओडनी," ते हळूच म्हणाले. "ही तर..."

"हो."

टुक. टुक. टुक... टुक.

आवाज जवळ आला. खिडकीखालीच धक्का आहे. टोरून खिडकीशी गेली. काचेत ओडनीनं लावलेली नाताळची कागदी चांदणी, आत विजेचा दिवा असलेली, जळत होती. तिच्यापलीकडे नुसतं काळं पाणी. दिवा नाही. बोटीची आकृती नाही. वारा तर सकाळपासून पडलेला.

पण धक्क्याच्या कडेला पाणी हलत होतं.

आर्नफिनकाका टॉर्च घेऊन बाहेर पडले. टॉर्चचा ठिपका धक्क्यावर फिरताना तिला दिसला. ते एका जागी थांबले. बराच वेळ थांबले. मग पाठ न फिरवता, मागे मागे चालत घरापर्यंत आले.

दारात आले तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"काही नाही तिथे," ते म्हणाले.

"मग आवाज?"

"आवाज आहे. माझ्या पायांपाशी होता. बोट नाही."

ते बसले. लापशीला त्यांनी हात लावला नाही, आणि हे मी त्यांच्याबाबतीत दुसऱ्यांदा कधी ऐकलेलं नाही.

टोरून आईकडे वळली. "किती दिवस चाललंय हे?"

"पहिल्या हिवाळ्यापासून."

"आणि तू बोलली नाहीस?"

"काय बोलायचं?" ओडनीचा आवाज शांत होता. "मी पान उघडते. तो येतो. धक्क्यापर्यंत. वर नाही येत. घटकाभर थांबतो आणि जातो. मी पान मिटते आणि भांडी घासते."

"वर का नाही येत?"

"कसा येईल? आधी खूण हलवायची, मग घरी. त्याला लहानपणापासून तसंच शिकवलंय आपण. आणि त्याचा फोन त्याच्याबरोबरच बुडाला."

खाली इंजिन आपल्या जागीच ठोके देत होतं. दमलेल्या माणसाच्या श्वासासारखं.

टोरूनच्या तोंडून ते निघालं तेव्हा तिला स्वतःलाच सहन झालं नाही. "आई, म्हणजे तो अकरा वर्षं... थंडीत... दारात उभा आहे?"

"ठाऊक आहे मला!" ओडनी ओरडली. त्या बाईला कोणी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "मला नाही ठाऊक? मी खूण हलवली असती गं पहिल्याच शनिवारी. पण हलवली, आणि तो यायचाच थांबला तर? मला निदान आवाज तरी होता. दुसरं काय होतं मला त्याचं?"

टोरूननं आईच्या खांद्यावर हात ठेवला. ओडनीनं तो झटकला नाही.

घड्याळाचा काटा पाचाकडे चालला होता. हेगेचा निरोप आला, "ते पान राहिलंय. काय करू?"

"मी सरकवू का खूण?" टोरूननं विचारलं. "सांभाळणारी म्हणून मला करता येतं."

"नको." ओडनीनं लॅपटॉप आपल्याकडे ओढला. "तोडायचाच असेल नियम, तर माझ्या हातानं तुटू दे."

टोरून पुन्हा खिडकीशी गेली. आईचं बोट त्या खुणेवर जाताना तिला बघवणार नव्हतं. आर्नफिनकाकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

खाली... टुक. टुक. टुक...

"झालं," ओडनी म्हणाली.

आणि इंजिन बंद पडलं.

अशी शांतता टोरूननं त्यापूर्वी ऐकली नव्हती. मग लाकडावर दोर आपटल्याचा आवाज. मग पायऱ्या. जड बुटांचे, पाणी भरलेल्या बुटांचे पाय. एकेक पायरी. बाहेरचं दार उघडलं. त्या दाराला एक कुरकुर आहे, ती सगळ्या बेटाला माहीत होती. मग ओसरीत बूट काढल्याचा आवाज... एक.

आणि दुसरा.

कोणी उठलं नाही. उठायचं नसतं हे तिघांनाही आपोआप कळलं होतं.

ओडनी खुर्चीतूनच, दाराकडे न बघता, तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "ये रे. लापशी गार होतेय."

आतलं दार उघडलं नाही.

थंड हवेची एक झुळूक मात्र खालच्या फटीतून आली. समुद्राचा वास, डांबराचा वास. ती पायांवरून पुढे गेली आणि रिकाम्या खुर्चीपाशी कुठेतरी थांबली. चौथ्या वाडग्यात लोण्याचा डोळा वितळून पिवळा झाला होता. त्यांच्यासमोर तो हळूहळू पांढरा पडला आणि थिजला.

नंतर ओसरीत पाहिलं. बूट नव्हते. फरशी कोरडी होती.

टोरूननं हेगेला कळवलं, "संग्रहात ठेव." पाच वाजता पान बंद झालं.

---

त्यानंतर इंजिन कधीच ऐकू आलं नाही. ओडनीला जी भीती होती तसंच झालं. ती शनिवारी लापशी करायची, खिडकीशी बसायची आणि ऐकत राहायची. टोरून म्हणायची, "आई, तो आला ना घरी." ओडनी मान हलवायची. पण कान खालीच असायचे, धक्क्याकडे.

उन्हाळ्यात ती पायरीवरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. एकटीनं राहणं शक्य नव्हतं. किनाऱ्यावरच्या वृद्धाश्रमात तिची सोय झाली. टोरूननंही तिथेच जवळ खोली घेतली. घर बंद करताना तिनं स्वतःच्या हातानं विजेचा मुख्य खटका खाली ओढला, पाण्याचा नळ बंद केला, चांदणी काढून कपाटात ठेवली.

बोटीवर ओडनी चाकाच्या खुर्चीत मागच्या बाजूला बसली होती. बेट लहान होत चाललं होतं.

"टोरून," ती म्हणाली. "त्या दिवशी मी दाबलं नव्हतं."

"काय?"

"खूण. माझं बोट तिथवर पोचलंच नाही. जमलंच नाही मला. मी नुसती बघत होते, आणि ती आपोआप सरकली."

टोरूननं आईच्या खुर्चीची मूठ धरली. रात्री खोलीवर तिनं संग्रहातलं पान उघडलं. इतके महिने धीर झाला नव्हता.

आइलिफ, घरी.

खाली बारीक अक्षरांत, जिथे पान नोंद ठेवतं...

बदल करणारा: आइलिफ.

ती रडली, पण ते आनंदाचं रडणं नव्हतं. बोटीवर आईनं पुढे जे म्हटलं होतं, ते आता तिला पुरतं कळलं होतं. घराचं छप्पर दिसेनासं झालं तेव्हा ओडनी पुटपुटली होती, "तो आता घरी आहे गं. आणि आपण निघालो."

काचेच्या पेटीतलं पान. बदलता येत नाही. कोणालाच, कधीच.

ओडनी त्याच वर्षी, नाताळाच्या आधी गेली. झोपेतच.

दफनानंतरच्या शनिवारी टोरूनचा फोन वाजला. बेटावरून आर्नफिनकाका होते.

"पोरी, तू इकडे आली आहेस का?"

"नाही, काका. का?"



"तुमच्या खिडकीत चांदणी जळतेय."

चांदणी कपाटात होती. वीज बंद होती.

"जाऊ का आत?" त्यांनी विचारलं. एवढा धिप्पाड माणूस, पण आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"नको," ती म्हणाली. मग म्हणाली, "अंगणातूनच हाक मारा. म्हणावं, लापशी गार होतेय."

ते मारतात. अजूनही, दर शनिवारी. काठी टेकत जातात, फाटकाशी उभे राहतात आणि हाक देतात. त्यांची जीभ आता नीट वळत नाही, पण जातात. उत्तर कधी आलेलं नाही.

हाक दिली की चांदणी विझते.

टोरूननं हे मला सांगितलं तेव्हा तिच्या पुढ्यातली कॉफी तशीच गार झाली होती. भीती वाटत नाही, म्हणाली. फक्त एक गोष्ट तिला झोपू देत नाही. ती चांदणी समाधानानं विझते, की आवाज आईचा नाही म्हणून.